एक हात लांब, एक आखूड

पत्र थोडक्यात असं. उदगीरजवळच्या गावात कृषी सेवा केंद्र चालवणारे एक वडील लिहितात: मुलगा अकरावी विज्ञानाला आहे, लातूरला हॉस्टेलवर राहून नीटची तयारी करतो. दहावीला ९३ टक्के होते, आता क्लासच्या चाचण्यांत मार्क सारखे घसरताहेत. दिवाळीला घरी आला तेव्हा बॅगेत दोनशेपानी तीन वह्या सापडल्या, सगळ्या जपानी भुताराक्षसांच्या चित्रांनी भरलेल्या. मोबाइलवर ‘डीमन स्लेयर’ आणि ‘जुजुत्सु कायसेन’ या ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका बघतो. वडिलांनी नरक चतुर्दशीच्या पहाटे तिन्ही वह्या बंबात घातल्या. तेव्हापासून मुलगा घरात कुणाशी बोलत नाही, जेवणही अर्धंच करतो. नातेवाइकांच्या सांगण्यावरून एका बाबांकडून अंगारा आणून झाला. वडिलांचं म्हणणं, ‘मॅडम, परक्या देशाच्या भुतांनी लेकराचं डोकं फिरवलंय, तुम्ही समजावून सांगा. नाहीच ऐकलं तर पुण्यात साडेतीन लाखांचा ॲनिमेचा डिप्लोमा आहे, जपानमध्ये नोकरीची हमी देतात, तिथं घालू का?’ सोबत एक फोटो आहे. आईनं बंबातून ओढून काढलेलं एक पान. त्याखाली वडिलांनी लिहिलंय, ‘बघा, धड चित्रही येत नाही. एक हात लांब, एक आखूड.’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात मार्कांबद्दल दीड पान आहे आणि वह्यांबद्दल दोन ओळी. माझं मन मात्र त्या दोन ओळींतून निघत नाही. सहाशे पानं होती ती. हॉस्टेलचं वेळापत्रक तुम्हीच कळवलंय: सकाळी सहाला उठणं, रात्री साडेदहाला दिवे बंद. त्यातून वेळ काढून एका सतरा वर्षांच्या मुलानं सहाशे पानं भरली आणि ती तुम्ही आंघोळीच्या पाण्याखाली घातलीत. चूक झाली आहे, आणि ती मुलाची नाही. हे आधी सांगितल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येणार नाही.

तुम्ही पुरावा म्हणून पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. पान डावीकडून जळालंय. मध्ये एक प्राणी आहे, बेडूक आणि कासव यांच्या मधला, पाठीवर कवच, डोक्यावर बशीसारखा खळगा आणि त्यात पाणी. हा कप्पा. जपानी नद्यांतला जलभूत. माणसांना, घोड्यांना पाण्यात ओढतो, काकडी त्याला फार आवडते. त्याची सगळी ताकद डोक्यावरच्या पाण्यात असते. तो रीतीभातीचा इतका पक्का, की तुम्ही वाकून नमस्कार केलात तर तोही वाकतो, पाणी सांडतं आणि तो दुबळा होतो. तुमच्या मुलानं बरोबर तोच क्षण काढलाय, कंबरेत वाकलेला, बशीच्या कडेवरून पाणी निसटत असताना.

आणि हात. दादा, जपानी लोककथा सांगतात की कप्प्याचे दोन्ही हात शरीरातून एकमेकांना जोडलेले असतात. एक ओढला की तो लांब होतो आणि दुसरा तेवढाच आत जातो. तुम्हाला जी चूक वाटली ती त्यानं समजून काढलेली आहे. चेहरा लाल का, हेही तुम्ही विचारलंय. इतर भागांतले कप्पे हिरवे सांगतात, इवाते प्रांतातल्या तोनो गावाकडचे मात्र लाल तोंडाचे. यानागिता कुनिओ या अभ्यासकानं तोनोच्या कथा १९१०मध्ये पुस्तकरूपानं छापल्या, त्यात हे नोंदवलंय. मुलानं कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय: ‘तोनो, इवाते’. वर आकडा आहे, ८७. म्हणजे किमान ८७ नोंदी होत्या, आणि बहुधा प्रत्येकीला गाव होतं. याला मी तरी नाद म्हणणार नाही. हा संग्रह होता.

‘परक्या देशाची भुतं’ असं तुम्ही लिहिलंय. त्यातली बरीचशी इथूनच गेली आहेत. बौद्ध धर्माबरोबर आपले देव, यक्ष, राक्षस चीन-कोरियामार्गे जपानला पोचले. यम तिथं एन्मा झाला, राक्षस रासेत्सु झाला, यक्ष याशा झाला, सरस्वती बेन्झाइतेन झाली. नऊ शेपट्यांची कोल्हीण तामामो-नो-माए ही जपानची फार गाजलेली मायाविनी. तिच्या कथेत ती जपानला येण्याआधी चीनमध्ये आणि आपल्या देशात राजांना भुलवून आलेली असते. मुलगा हे बघत होता तेव्हा तो घरापासून फार लांब गेला नव्हता. ज्या पहाटे वह्या जाळल्या, ती पहाटही एका असुराच्या गोष्टीचीच.

मालिकांबद्दलही सरळ सांगते. त्या हिंसक आहेत. मुंडकी उडतात, रक्त दिसतं, घरात धाकटी मुलं असतील तर त्यांच्यासमोर लावू नका. पण ‘डीमन स्लेयर’चा नायक तान्जिरो राक्षस झालेल्या आपल्या बहिणीला पाठीवरच्या पेटीत घेऊन हिंडतो, तिला पुन्हा माणूस करायचं म्हणून. मरणाऱ्या राक्षसाला त्याचं माणूसपण आठवतं आणि त्याला मारणारा हा पोरगा त्याच्यासाठी हळहळतो. ‘जुजुत्सु कायसेन’मध्ये सगळ्यांत भयानक जो र्योमेन सुकुना, त्याचं नाव इ.स. ७२०च्या ‘निहोन शोकी’ या दरबारी इतिहासग्रंथात सापडतं: दोन तोंडांचा, चार हातांचा, सम्राटाला न जुमानणारा लुटारू. पण तो ज्या हिदा भागातला, तिथले लोक त्याला आजही मानतात, देवळांचा संस्थापक म्हणून. ताकायामाच्या सेन्कोजी मंदिरात एन्कू या भिक्षूनं कोरलेली त्याची लाकडी मूर्ती आहे. दरबारानं लिहिलं तर लुटारू, गावानं सांगितलं तर वीर. सतरा वर्षांच्या मुलाला हे वाचून रात्रभर झोप येत नसेल, तर मला त्याची काळजी वाटत नाही, कौतुक वाटतं.

काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, ‘दुकानाशेजारचा गाळा त्याच्या दवाखान्यासाठी बांधून ठेवलाय, चार वर्षं शटर बंद आहे, भाडेकरू ठेवला नाही.’ चार वर्षं म्हणजे मुलगा सातवीत असल्यापासून. सुट्टीला घरी येताना एसटीतून उतरला की त्याला आधी ते बंद शटर दिसत असणार. तुम्ही त्याला एकदाही ओरडून ‘डॉक्टर हो’ म्हणाला नसाल, मला मान्य आहे. शटरच रोज म्हणतंय. ते भाड्यानं देऊन टाका. या महिन्यात द्या. कीटकनाशकांचं गोडाऊन करा, मोबाइलवाल्याला द्या, पण ते उघडा. माझ्या या पत्रातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

अंगाऱ्याचं काय करायचं ते तुमच्या श्रद्धेवर सोडते, पण त्यावर थांबू नका. अन्न कमी होणं, अबोला, हे आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर लातूरच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. तोवर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीच्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, तुम्हालाही आणि त्यालाही. हॉस्टेलवर परत पाठवायची घाई करू नका.

आता तो साडेतीन लाखांचा डिप्लोमा. नको. हा गैरसमज माझ्याकडे दर आठवड्याला येतो, म्हणून जरा नीट लिहिते. ॲनिमे हा अभ्यासक्रमाचा विषय असतो, तो शिकला की जपानचा स्टुडिओ उचलतो, असं पालकांना वाटतं. जपानी स्टुडिओत नवा माणूस पहिल्यांदा दोगा करतो, म्हणजे मुख्य चित्रकारानं काढलेल्या दोन चित्रांच्या मधली चित्रं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात, टीव्हीच्या मालिकांत एकेक चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवतात, तरी सेकंदाला आठ ते बारा चित्रं लागतात. त्या एका चित्राचे नवख्याला साधारण दोनशे येन मिळतात, आपले शंभर-सव्वाशे रुपये. त्यात टोकियोत खोलीचं भाडं भरायचं. तिथल्या मुलांचंच त्यात भागत नाही, घरून पैसे मागवावे लागतात. आणि हे काम जपानी बोलता-वाचता न येणाऱ्याला हातात मिळत नाही. कामाच्या व्हिसाला साधारणपणे पदवी लागते, किंवा तिथल्याच सेन्मोन गाक्को नावाच्या व्यवसाय शाळेचा पूर्ण केलेला अभ्यासक्रम. पुण्यातलं वर्षभराचं प्रमाणपत्र यातलं काहीच नाही. मागे एक मुलगी असंच रंगीत प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आली होती. वर्षभरात जपानी भाषेचा एक तास झाला नव्हता, मानवी शरीराचं रेखाटनही नाही. मोठ्या डोळ्यांचे चेहरे तेवढे ती छान उतरवत होती. नोकरीची हमी देणाऱ्याला विचारा, गेल्या वर्षीची किती मुलं जपानमध्ये आहेत आणि कुठल्या व्हिसावर. उत्तर लेखी मागा.

शिवाय, हे पान बघून मला खात्री नाही की त्याला ॲनिमेटर व्हायचंय. तुम्ही विचारलंत का? मला तो चित्रं काढणारा कमी आणि शोधणारा जास्त दिसतो. तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकारानं १७७६मध्ये असंच केलं होतं, लोकांच्या तोंडी असलेल्या भुतांना एकेक पान दिलं, नाव दिलं, रूप दिलं. आज पडद्यावर दिसणारी किती तरी भुतं त्याच्या पुस्तकांतून उतरलेली आहेत. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा काढणाऱ्या मिझुकी शिगेरूंनी (१९२२–२०१५) विसाव्या शतकात तेच काम पुढं नेलं. दुसऱ्या महायुद्धात पापुआ न्यू गिनीतल्या राबाउलला त्यांचा डावा हात गेला, उरलेल्या उजव्यानं ते जन्मभर भुतं काढत राहिले. त्यांना ती भुतं कुणी दिली? लहानपणी घरी येणाऱ्या एका म्हातारीनं, तिला ते नोनोन्बा म्हणत. साकाइमिनातो या त्यांच्या गावच्या रस्त्यावर आज त्या भुतांचे कांस्यपुतळे उभे आहेत, पर्यटक ते बघायला येतात. क्योटोतल्या निचिबुन्केन या सरकारी संशोधन केंद्रानं २००२पासून देशभरच्या भूतकथांची नोंदवही सगळ्यांना खुली केली आहे, आणि त्यावर विद्वान माणसं पगार घेऊन काम करतात. आपल्याकडे मुंजा, हडळ, झोटिंग, गिऱ्हा, चकवा, साती आसरा यांची अशी नोंदवही कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. तुमच्या बंबात कदाचित तिची सुरुवात होती.

तेव्हा रस्ता. बारावी विज्ञानातूनच व्यवस्थित पूर्ण करू द्या, आता शाखा बदलायची धावपळ नको. नीट द्यायची की नाही ते त्याला ठरवू द्या. बीएफए या कलापदवीची सीईटी, एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट, बीडेस या डिझाइन पदवीसाठी यूसीड, या प्रवेशपरीक्षांच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळांवर असतात, त्या तोच बघेल. जपानी भाषा मात्र आजपासून. पुणे हे देशातलं जपानी शिकण्याचं जुनं आणि मोठं केंद्र आहे. विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात रीतसर अभ्यासक्रम आहेत, आणि सुरुवात घरी बसूनही होते. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, सगळ्यांत सोप्या एन-फाइव्ह पातळीपासून वर चढत जायचं. रोजच्या वापरातल्या कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, २१३६ आहेत. जो मुलगा ८७ भुतं गावासकट पाठ करतो त्याला मी हा आकडा न भिता सांगेन. भाषा हाती आली तर अनुवाद, दुभाषी, जपानी कंपन्यांतली कामं, अध्यापन, हे सगळं उघडं राहतं, आणि चित्रं त्याच्या शेजारी वाढतात. बारावीनंतर जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती दूतावासामार्फत असते. स्पर्धा कठीण आहे, पण फी माफ, महिन्याला भत्ता आणि आधी भाषेची तयारी, एवढं तिथं मिळतं. क्योटो सेइका विद्यापीठात २००६पासून मांगाची स्वतंत्र विद्याशाखा आहे. हे सगळं पुढचं. साडेतीन लाखांतले शंभर रुपये काढून आज चांगली कोरी वही आणा.

वही देताना भाषण करू नका. ‘मी जाळायला नको होत्या’ एवढंच म्हणा आणि बाहेर जा. तो लगेच बोलणार नाही. ते पान त्याच्या आईनं जपून ठेवलंय ना? तेही त्याच्या हातात द्या.

शेवटच्या चार ओळी त्याच्यासाठी आहेत, त्याला वाचू द्या.

बाळा, कप्प्याचे हात मी ओळखले. पाणी सांडतानाची कड फार चांगली आली आहे, पायाची बोटं मात्र घाईत काढलीस, बेडकाचा पाय एकदा विहिरीवर जाऊन बघ. पानाच्या तळाशी तुझी एक ओळ आहे: ‘आजी म्हणते, आमच्या नदीतल्या आसरा याच्यासारख्या ओढत नाहीत, त्या आधी…’ तिथून पुढचा कागद जळाला आहे. आसरा आधी काय करतात? आजीला विचारून मला कळव.