मधमाशीपालन प्रश्नोत्तरं: रिपोर्टमध्ये व्हायरस निघाला, आता पेट्यांचं काय करू?

प्रश्न: ताई, एका पेटीसमोर चुरगळलेल्या पंखांच्या माश्या जमिनीवर रांगताना दिसल्या, म्हणून मी 12 च्या 12 पेट्यांचे नमुने लॅबला दिले आणि सगळेच पॉझिटिव्ह आले, डिफॉर्म्ड विंग व्हायरस. ओळखीचे एक जण म्हणतात सगळ्या पेट्या जाळून टाक. झोप उडालीये, काय करू?

उत्तर: दादा, पेट्या जाळायच्या नाहीत. हा व्हायरस जगभरातल्या वसाहतींमध्ये इतका पसरलाय की पीसीआर (व्हायरसचं जनुकीय मटेरियल वाढवून शोधणारी लॅबची टेस्ट) केली तर तो बहुतेकदा सापडतोच, धडधाकट पेटीतसुद्धा! नुसतं पॉझिटिव्ह म्हणजे आजार नाही. बघायचं ते प्रमाण, आणि ते रिपोर्टच्या सीटी व्हॅल्यूवरून, म्हणजे टेस्टच्या कितव्या सायकलला व्हायरस दिसला त्या आकड्यावरून कळतं. टेस्टच्या प्रत्येक सायकलला व्हायरसचं मटेरियल साधारण दुप्पट होतं, म्हणून व्हायरस जितका जास्त तितका तो लवकर दिसतो आणि आकडा लहान येतो. एका पेटीचा सीटी 18 आणि दुसरीचा 34 असेल तर मधे 16 सायकल आहेत, म्हणजे पहिलीत 65 हजारपट जास्त व्हायरस! आता सांगा, दोघींना एकाच ‘पॉझिटिव्ह’च्या रांगेत कसं बसवायचं? पण तुलना एकाच लॅबच्या, एकाच पद्धतीच्या टेस्टमधलीच करायची. तुमच्या रिपोर्टवर आकडे नसतील तर लॅबकडून मागून घ्या.

दुसरं म्हणजे माइट, म्हणजे माश्यांच्या अंगावरची वरोआ नावाची बारीक गोचिडीसारखी कीड, मोजा, आणि हे मी अगदी हात जोडून सांगते कारण खरी मेख इथेच आहे. वरोआ नसेल तर हा व्हायरस अन्नातून, राणीच्या अंड्यातून वगैरे पसरतो खरा पण बहुतेक वेळा कमी प्रमाणात गप्प बसून असतो. वरोआ कोषातल्या माशीला टोचते आणि व्हायरस थेट तिच्या शरीरात जातो, तिथे तो भराभर वाढतो आणि माशी चुरगळलेले पंख घेऊनच बाहेर येते. ब्रूडच्या (अळ्या-कोष असलेल्या) फ्रेमवरून अर्धा कप माश्या घ्या (साधारण 300 होतात, राणी त्यात नाही ना हे दोनदा बघा), अल्कोहोलमध्ये हलवून धुवा, खाली पडलेले माइट मोजून तीनने भागा. शंभर माश्यांमागे 2–3 च्या वर गेले तर उपचार लगेच. व्हायरसवर औषध नाही, माइटवर आहे. आणि माइट मेले म्हणजे दुसऱ्या दिवशी व्हायरस गेला असं होत नाही हं, आधीच लागण झालेल्या माश्या मरून नवी पिढी येईपर्यंत काही आठवडे जातात, तेव्हा लगेच परत टेस्ट करून घाबरू नका.

प्रश्न: पेटीखाली पडलेल्या मेलेल्या माश्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून पाठवल्या. निगेटिव्ह आलं. पण वसाहत रोज कमी होतीये.

उत्तर: त्या निगेटिव्हवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. मधमाशीच्या बहुतेक व्हायरसचं जनुकीय मटेरियल आरएनए असतं, टेस्ट तेच शोधते, आणि आरएनए फार नाजूक, माशी मेली की तुटायला लागतो आणि उन्हात तर आणखीच. माश्या जिवंत पकडा, लगेच गोठवा आणि लॅबपर्यंत गोठलेल्याच पोचवा, कोरड्या बर्फात, किंवा लॅब आरएनए टिकवायचं द्रावण देत असेल तर त्यात. मधे वितळून परत गोठलेल्या नकोत. चांगली लॅब माशीचा स्वतःचा एखादा जीनही सोबत तपासते, तोच सापडला नाही तर नमुना खराब होता असं समजायचं, तेवढं विचारून घ्या.

नमुना काय घ्यायचा ते लक्षणावर. थरथरणाऱ्या, केस झडून काळ्या चकचकीत झालेल्या माश्या दिसल्या तर त्याच द्या, क्रॉनिक पॅरालिसिस या दुसऱ्या व्हायरसचा संशय असतो. सॅकब्रूड (अळ्यांना होणारा व्हायरसचा आजार) वाटत असेल तर पाण्याच्या पिशवीसारखी झालेली अळी द्या. राणीचे कोष आतून काळे पडून मरत असतील तर ते कोष.

प्रश्न: डिफॉर्म्ड विंग व्हायरस माझ्याकडे आला कुठून ते शोधता येतं का? मला शेजारच्या मधमाशीपालकावर संशय आहे.

उत्तर: काही प्रमाणात येतं. व्हायरस सतत बदलत असतो, त्यामुळे दोन ठिकाणच्या नमुन्यांचं सिक्वेन्सिंग करून (व्हायरसच्या जनुकीय अक्षरांचा क्रम वाचून) फरक मोजला की ते किती जवळचे नातलग ते कळतं. याच पद्धतीने 2016 मध्ये दिसलं की हा व्हायरस युरोपियन मधमाशीतून, माणसांनी केलेल्या माश्यांच्या ने-आणीबरोबर जगभर गेला. त्याआधी हवाईमध्ये तर बेटागणिक तुलनाच करता आली, ओआहू बेटावर 2007 मध्ये वरोआ सापडली आणि जिथे वरोआ पोचली तिथे व्हायरस असलेल्या वसाहती साधारण 10 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर गेल्या, शिवाय आधी असलेले व्हायरसचे अनेक प्रकार मागे पडून एकच वरचढ झाला!

पण तुमच्या दोघांचे सिक्वेन्स जुळले तरी कोणाकडून कोणाकडे गेला हे त्यातून ठरत नाही. दोघांनी एकाच ठिकाणाहून राण्या आणल्या असतील तरी ते जुळतील. दिशा ठरते ती तारखांवरून, म्हणून शेजाऱ्याशी भांडण्याआधी वही काढा: कुठली फ्रेम कुठल्या पेटीत दिली, राणी कधी आणि कुठून आणली, थवा कधी पकडला, कुठल्या कमजोर पेटीवर लूट झाली. लूट फार महत्त्वाची, कोसळणाऱ्या वसाहतीतला मध लुटायला गेलेल्या माश्या तिथले माइट अंगावर घेऊन येतात आणि माइटबरोबर व्हायरस. शेजाऱ्यालाही माइट मोजायला सांगा, जमलं तर दोघं एकाच दिवशी मोजा आणि उपचारही एकाच वेळी करा, नाहीतर एकाची पेटी साफ होईपर्यंत दुसऱ्याकडचे माइट परत येतील.