साडीचा झगा, नाव टीना लेसर

प्रश्न : शिकागोजवळ जुन्या घरसामानाच्या विक्रीत सुती झगा मिळाला. घेराला जरीचे काठ, डाव्या कुशीला धातूची चेन, गळ्यामागे ‘टीना लेसर ओरिजिनल’ हे लेबल. कापड आपल्याकडच्या साडीचं असेल का? झगा कोणत्या काळातला?
– एक वाचक, इलिनॉय

उत्तर : शक्यता चांगली आहे. टीना लेसर (१९१०–८६) या अमेरिकन फॅशन डिझायनर आज फारशा कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी १९३५ साली होनोलुलूत दुकान काढलं, पुढे न्यूयॉर्कला आल्या आणि १९४५ साली त्यांना ‘कोटी’ (Coty) हा अमेरिकन फॅशन पुरस्कार मिळाला. जगप्रवासानंतर त्यांनी साडी आणि धोतरावरून कपडे बेतले. म्हणजे नाव आणि काठ यांचा मेळ बसतो, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका.

आधी लेबल अस्सल जागचं आहे का ते बघा. त्याची टीप आणि झग्याची टीप यांचा दोरा जुळतो का? कडेला जुनी, रिकामी भोकं दिसतात का? नामवंत लेबल उसवून साध्या कपड्याला लावण्याचे प्रकार होतात.

मग कुशीच्या शिवणीत, अस्तराखाली, कामगार संघटनेचं चिमुकलं लेबल शोधा. काळ ठरवायला सगळ्यांत भरवशाचं तेच. आयएलजीडब्ल्यूयू, म्हणजे बायकांचे कपडे शिवणाऱ्या अमेरिकन कामगारांची संघटना. तिच्या लेबलावर नुसतं ‘एएफएल’ (कामगार संघटनांचा महासंघ) असेल तर साधारण १९४० ते ५५, ‘एएफएल-सीआयओ’ असेल तर झगा १९५५च्या अखेरीनंतरचा, आणि त्यात लाल रंग आला तर १९७४ नंतरचा. धाग्याचं प्रमाण सांगणारी पट्टी अमेरिकेत मार्च १९६० पासून सक्तीची झाली, धुण्याच्या सूचना जुलै १९७२ पासून. पट्टी नाही म्हणून झगा जुना, असं मात्र समजू नका, लोक टोचतं म्हणून ती कापून टाकतात. चेनही बदललेली असू शकते. तिच्या कडेला टिपेच्या भोकांची दुहेरी रांग दिसली तर ती नंतर बसवलेली आहे.

आता कापड. झगा उलटा करा. काठ विणलेला असेल तर नक्षी उलट्या बाजूलाही दिसते, छापील असेल तर मागे फिकी पडते. साडीचा काठ असेल तर खालची कड बहुधा कापडाचीच मूळ किनार असते, दुमडून शिवलेली नसते. जरीचा धागा दहापट भिंगाखाली पाहा. खऱ्या जरीत धाग्याभोवती चपटी तार गुंडाळलेली असते. चांदीची जर करडी-काळी पडते, तांब्याची झिजल्यावर लालसर दिसते. सपाट, कधीच न काळवंडलेली चकचकीत पट्टी दिसली तर ती लुरेक्ससारखी, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेली धातूची पट्टी, आणि लुरेक्स बाजारात आलं १९४६ साली.

शेवटी जाहिराती. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ संग्रहात जुनी वर्तमानपत्रं फुकट चाळता येतात. डिझायनरचं नाव अवतरणचिन्हांत, सोबत ‘सारी’ किंवा ‘मद्रास’ हे इंग्रजी शब्द टाका. यंत्र छापील अक्षरं चुकीची वाचतं, म्हणून आडनाव दोन ‘एस’ घालूनही शोधा. मोठ्या दुकानांच्या जाहिरातींत चित्र, किंमत, कापड असं सगळं एकत्र सापडतं. मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात त्यांचे कपडे आहेत. गळा, चुण्या, लेबलाची अक्षरं त्यांच्याशी ताडून बघा.

तोवर धुऊ नका. आतल्या मायेवर ओल्या पांढऱ्या कापसाने हलकेच टिपा, रंग उतरला तर पाणी वर्ज्य. चांदी उजळायच्या द्रावात जरीचा काठ बुडवला तर सोन्याचा मुलामा निघून जातो. हँगरवर लटकवू नका, वजनाने खांद्याची शिवण फाटते. आम्लरहित कागदात आडवा ठेवा, डांबरगोळ्या नकोत.

प्रश्न : लंडनच्या जुन्या बाजारात घेतलेल्या ब्लाउजवर ‘सीसी ४१’ अशी खूण आहे, डिझायनरचं नाव नाही. शोधता येईल?
– एक वाचक, ब्रिटन

उत्तर : बहुधा नाही. ही युद्धकाळातल्या सरकारी ‘युटिलिटी’ कपड्यांची खूण, १९४१ ते ५२. १९४२ साली हार्डी एमीज, डिग्बी मॉर्टन, व्हिक्टर स्टीबेल वगैरेंनी नमुने बेतले, पण दुकानात गेलेल्या कपड्यांवर त्यांची नावं घातली नव्हती. ते नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. कॉलर आणि बटणांची मांडणी तंतोतंत जुळली तर निदान ‘त्या नमुन्यावरून’ इतकं म्हणता येईल. विकणारा त्यावर मोठं नाव सांगून किंमत चढवत असेल तर कागदोपत्री पुरावा मागा.