शंभराचे किती?

चिरंजीव,

नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. हे पत्र तुझी आई सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तू पाठवलेले चारही कार्डांचे स्क्रीनशॉट पाहिले. एकात विमानतळावरचा सोफा आहे, एकात दहा हजार वेलकम पॉइंट, एकात सिनेमाच्या तिकिटावर तिकीट फुकट, आणि चौथं कार्ड म्हणे धातूचं आहे, टेबलावर ठेवलं की खण्ण वाजतं. खाली तू लिहिलंयस, "काका, सगळीच चांगली वाटतायत, काही सुचत नाहीये." सुचेल कसं? तीन महिने स्टुटगार्टला राहून युरोत खर्च करायचाय तुला, आणि ज्या आकड्यावरून कार्ड निवडायचं तो आकडा चारपैकी एकाही चित्रात नाही.

परदेशात वापरायच्या कार्डाला एकच प्रश्न विचारायचा. शंभराचे किती? म्हणजे मी तिथे शंभर रुपयांचा खर्च केला तर तुम्ही वर किती घेणार? बँका याला फॉरेन करन्सी मार्कअप म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या क्रेडिट कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो, आणि त्या साडेतीनवर पुन्हा 18 टक्के जीएसटी. झाले 4.13. जरा वरच्या दर्जाच्या कार्डांवर दोन टक्के असतो, म्हणजे करासकट 2.36. आणि काही कार्डांवर चक्क शून्य. युरोचे रुपये करताना व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवसाचा दर लागतो. तो बाजारभावाच्या बराच जवळ असतो आणि दोघांच्याही वेबसाइटवर बघायला मिळतो. तिथवर फारशी तक्रार नाही. बँक आपला हात मारते तो त्याच्यावर.

युरो शंभर रुपये धर, हिशेबाला सोपा पडतो. तीन महिन्यांत खिशातून तीन हजार युरो गेले तर तीन लाख झाले. साडेतीनवाल्या कार्डावर त्याचे 12,390 रुपये निव्वळ बँकेला. दोनवाल्यावर 7,080. शून्यवाल्यावर काही नाही. तुळशीबागेत कानातल्याचे वीस रुपये कमी करायला तू दुकानदाराला अर्धा तास उभं करतेस, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मग इथेच हात इतका सैल का सुटतो?

आता तू म्हणशील, मग शून्यवालं घेऊन टाकते. थांब. त्यालाही विचार, शंभराचे किती, फक्त वार्षिक फी धरून. फी 3,000 असेल तर जीएसटीसकट 3,540 झाले. बिनफीच्या साडेतीनवाल्या कार्डाशी तुलना केली तर ही फी वसूल व्हायला साधारण 86 हजारांचा परदेशी खर्च लागतो. बिनफीच्या दोनवाल्याशी केली तर दीड लाखाचा. तू तीन महिने राहणार, तुझी फी निघेल. पण तुझ्या मैत्रिणीला, जी चार दिवस बँकॉकला जाऊन येणारेय, तिला हेच कार्ड महागात पडेल. तिला माझं पत्र दाखवलंस तर हा भाग आधी दाखव. आणि फी नाही, मार्कअपही नाही, अशीही कार्डं आहेत. तुझ्या चारांत त्यातलं एक नाही, कारण त्याचं टेबल तुमच्या हिंजवडीच्या कॅन्टीनबाहेर लागत नसावं.

त्या टेबलावरच्या मुलाचा मला राग नाही, तो टार्गेटचा धनी. पण त्याने तुला "मॅम, इंटरनॅशनल युसेज फ्री आहे" असं सांगितलं, हे वाचून माझं डोकं फिरलं. परदेशात चालतं आणि परदेशात फुकट चालतं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डाच्या अर्जाबरोबर एक पानी की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात व्याज आणि सगळे आकार लिहिलेले असतात. बँकेच्या साइटवर मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स नावाची फाइलही असते, बारीक अक्षरांची. तुमची पिढी ऑफिसात दोनशे पानांची स्पेसिफिकेशन वाचते, मग स्वतःच्या पैशाचा एक कागद वाचायला काय होतं? त्यात फक्त मार्कअपची ओळ शोध. नावं घेऊन अमुक कार्ड घे असं मी लिहिणार नाही. अटी बदलतात, आणि मग दोन वर्षांनी कुणीतरी माझं पत्र घेऊन भांडायला येतं.

पॉइंटांचं म्हणशील तर तेही त्याच तराजूत टाक. दीडशे रुपयांना चार पॉइंट, आणि एका पॉइंटचे पन्नास पैसे, असं असेल तर शंभराला सव्वा रुपयाच्या आसपास परत येतो. गेले चार तेरा, आले एक तेहतीस. हा फायदा? काही महागड्या कार्डांवर पॉइंट मार्कअपपेक्षा जास्त भरतात, हे मी मान्य करतो. पण ती मिळायला पगार आणि खर्च दोन्ही तगडे लागतात, आणि पॉइंटाची किंमत बँक ठरवते, बदलतेही तीच. लाउंजचं तर नावच काढू नकोस. पुण्याहून रात्री कॅबने निघून, एक्स्प्रेसवेच्या ट्रॅफिकमध्ये घामाघूम होऊन तू मुंबईला पोचणार, तिथे लाउंजमध्ये बसायला वेळ कुठला उरतोय? उरलाच तर आईने दिलेले थालीपीठ काढ.

आता दुसरी गोष्ट. इथे शून्यवाली कार्डंसुद्धा झोपतात, म्हणून नीट वाच. तिथल्या दुकानात मशीन तुला विचारेल, युरोत देणार की रुपयांत? शेजारी आपला झेंडासुद्धा असतो कधीकधी. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो, बोट तिकडेच जातं. ते दाबायचं नाही. कधीच नाही. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. रूपांतर तिथला दुकानदार आणि त्याची मशीन कंपनी आपल्या दराने करते, त्यात सहज चार-पाच टक्के जातात, कधी त्याहून जास्त. वर आपल्याकडच्या काही बँका अशा रुपयांतल्या परदेशी व्यवहारावर आणखी एक टक्का लावतात, त्यावर जीएसटी वेगळा. म्हणजे शून्य मार्कअपचं कार्ड खिशात असून शंभराचे पाच-सहा गेले. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे रूपांतर नको म्हणायचं. हॉटेल बुक करताना साइट रुपये दाखवत असेल तर कंपनी कुठली आहे ते आधी बघ. परदेशी असेल तर किंमत तिथल्या चलनात लावून घे.

आमच्या घरात यावरून एक गोष्ट प्रसिद्ध आहे, तुझ्या काकूने तुलाही सांगितली असेल. ल्युसर्नला एका दुकानात तिला लाकडात कोरलेली छोटी गाय आवडली. मी कार्ड लावलं. काउंटरवरच्या मुलीने मशीन स्वतःकडे वळवलं, काहीतरी दाबलं आणि पावती आली ती रुपयांत. मी म्हटलं, रद्द करा, फ्रँकमध्ये करा. ती म्हणाली, सेमच आहे. सेम नव्हतं. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय रूपांतर करायचं नाही, असा व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचाही नियम आहे, तो मी तिला माझ्या भोसरी छाप इंग्रजीत सांगितला. मागे रांग वाढली. काकू बाहेर जाऊन उभी राहिली. शेवटी मुलीने व्यवहार उलटवला, पुन्हा केला. ती गाय आज आमच्या शोकेसमध्ये आहे, आणि पाहुण्यांना ती दाखवताना काकू गाईबद्दल एक वाक्य बोलते आणि माझ्या चिकटपणाबद्दल दहा.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सरोवराकाठी फिरायला जाणार होतो. मी मात्र हॉटेलात पावत्या पसरून तिला टक्केवारी समजावत बसलो. त्या संध्याकाळची खंत आहे मला. व्यवहार उलटवायला लावला त्याची नाही, तो आजही लावेन.

चिकट म्हणा. भोसरीच्या कंपनीत एक्स्पोर्टची बिलं बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. डॉलर आले की बँक दरातच आपला वाटा कापून घ्यायची, कागदावर कुठे 'फी' असं लिहिलेलं नसायचं. वरचे साहेब म्हणायचे, "अहो, एवढं चालायचंच." एवढं म्हणजे किती, हे विचारणारा माणूस मग क्षुद्र ठरतो. मी विचारत राहिलो. तीन बँकांचे दर मागवायचो, फोनवर घासाघीस करायचो, आणि पाच-दहा पैसे सुटायचे एका डॉलरमागे. लाखो डॉलरवर ते किती होतात, हे साहेबांना मार्चमध्ये कळायचं. तेव्हा ते माझं नाव घेत नसत, तो भाग वेगळा. असो, मी कुठे भरकटलो.

रोख पैशांचं सांगायचं राहिलं. जर्मनीत अजूनही बेकरीत, छोट्या हॉटेलांत 'फक्त रोख'च्या पाट्या दिसतात. तेव्हा एटीएम लागेलच, पण क्रेडिट कार्ड त्यात घालू नकोस. त्यावर काढलेल्या रोख रकमेला आकार वेगळा, साधारण अडीच टक्के आणि किमान काहीशे रुपये. आणि व्याज त्याच दिवसापासून, पंचेचाळीस-पन्नास दिवसांची सवलत रोख रकमेला नसते. त्यासाठी कमी मार्कअपचं डेबिट कार्ड किंवा कंपनी भत्ता भरून देणारेय ते फॉरेक्स कार्ड वापर. फॉरेक्स कार्डालाही शंभराचे किती हे विचारायचंच. तिथे मार्कअप दिसत नाही, कारण तो युरो विकतानाच्या दरात मुरवलेला असतो. आणि युरो भरलेलं कार्ड घेऊन तू वीकेंडला झ्युरिकला किंवा प्रागला गेलीस तर फ्रँक, कोरुनासाठी क्रॉस करन्सी आकार वेगळा बसतो. तिथे क्रेडिट कार्ड काढ.

टीसीएसची, म्हणजे परदेशी खर्चावर आधीच वसूल होणाऱ्या कराची, भीती तुझ्या बाबांनी घातलीय, ती सोड. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च एलआरएसच्या, म्हणजे हा कर लागणाऱ्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेच्या, मर्यादेत धरायचा घाट 2023 च्या मे महिन्यात घातला होता खरा, पण जूनच्या अखेरीस सरकारनेच तो पुढे ढकलला.

कार्ड हातात आलं की अॅपमध्ये जाऊन परदेशी वापर चालू कर. 2020 च्या नियमापासून नवीन कार्ड फक्त भारतात चालू असतं, बाकीचं आपण उघडायचं. तिथल्या मशीनसाठी पिन इथेच ठरवून घे, कारण पन्नास युरोंच्या वर नुसतं टेकवून भागत नाही. परदेशी ऑनलाइन खरेदी मात्र लागेल तेवढ्यापुरतीच उघड, तिकडच्या बऱ्याच साइट ओटीपी विचारत नाहीत. दुसऱ्या नेटवर्कचं (व्हिसा असेल तर मास्टरकार्डचं) एक कार्ड बॅगेत वेगळं ठेव. आणि बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप जाईल असं लाव. पूर्ण, मिनिमम ड्यू म्हणजे किमान रक्कम नव्हे. मिनिमम भरत बसलीस तर शंभराला महिन्याचे साडेतीनच्या आसपास व्याज, मग मार्कअपचे वाचवलेले रुपये कुणाच्या तोंडाला पुसणार?

आता निर्णय. ते खण्ण वाजणारं कार्ड नको, सिनेमावालं नको, पॉइंटवालं नको. सोफावाल्याचा मार्कअप दोन टक्के आहे, मी त्यांच्या साइटवर बघितला, पण फी दहा हजार, जीएसटी धरून 11,800. तुझा तीन लाखांचा खर्च धरला तरी शंभराचे सव्वासहा झाले. तेही नको. बिनफीचं, शून्य मार्कअपचं शोध आणि अर्ज कर. नोकरी नवीन आहे म्हणून नाकारलंच तर एफडीवर मिळणारं कार्ड बघ. त्यातही शून्यवालं मिळू शकतं, आणि एफडीवर व्याज चालू राहतं. कॅन्टीनवाल्याचा फॉर्म तू आधीच भरलायस असं आई म्हणाली. कार्ड आलं तर बंद करायला लेखी कळव. थकबाकी काही नसेल तर बँकेला सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला 500 रुपये बँकेने तुला द्यायचे असतात. हे वाक्य मेलमध्ये लिहायला विसरू नकोस.

अर्ज याच आठवड्यात कर. कुरियरवाला दुपारी येतो आणि तुम्ही सगळे ऑफिसात असता, म्हणून पत्ता आमच्या घराचा दे. ओळखपत्राची झेरॉक्स काकूकडे ठेवून जा, आणि कार्ड घ्यायला येशील तेव्हा तो एक पानी कागद छापून आण. मोबाइलवर मला दिसत नाही.

तुझा,
काका