‘मॅडम, हे खरंय का तेवढं सांगा’

तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेली कुपी काढून माझ्या टेबलावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी, रबरी बूच, तळाशी चिमूटभर पांढरी पावडर. लेबलवर इंग्रजीत ‘फक्त संशोधनासाठी’ आणि ‘१० मिलिग्रॅम’. कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, एमआरपी नाही.

“मॅडम, हे खरंय का तेवढं सांगा. डॉक्टरांकडे मी नाही जाणार.”

नाशिकमध्ये एका फिजिशियनच्या दवाखान्याला लागून असलेल्या खोलीत मी समुपदेशनाला बसते. वजन उतरवायचं इंजेक्शन ऑनलाइन मागवलं तर चालेल का, आणि घेतल्यावर नेमकं काय होतं, हे हल्ली आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. बहुतेक जण ‘मैत्रिणीसाठी विचारतेय’ म्हणतात. हिने तसं म्हटलं नाही, म्हणून तिची गोष्ट सांगते. तिला विचारून, ओळखीच्या खुणा बदलून.

पस्तिशीची, बँकेत नोकरी, चार वर्षांची मुलगी, वजन ८४ किलो. डिसेंबरात धाकट्या दिराचं लग्न. दिवाळीआधी ब्लाउजची मापं द्यायला गेल्यावर थोरल्या जाऊबाई शिंप्यासमोरच म्हणाल्या, “हिला कापड जरा जास्तच ठेवा हं.” त्या रात्री एक वाजता हिने मोबाइलवर शोधलं. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर उत्तर: ५,५०० रुपयांत तीन कुप्या, चिठ्ठी लागत नाही, ‘महिन्यात १० किलो गॅरंटी’. पार्सल ऑक्टोबरच्या उन्हात चार दिवस फिरून आलं. थर्माकोलच्या डब्यातल्या बर्फाच्या पिशवीचं कोमट पाणी झालं होतं. तिने डबा फ्रीजमध्ये मेथीच्या जुडीमागे लपवला.

सुया सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या खोक्यातून घेतल्या. विक्रेत्याने व्हॉइस मेसेजवर सांगितलं होतं की कुपीत २ मिली पाणी घाला आणि सुईवर ५० युनिट ओढा. पहिल्या आठवड्याला नुसती मळमळ झाली. ती कुपी नंतर रात्रभर ओट्यावर राहिली म्हणून फेकून दिली आणि दुसरी उघडली. पण सोबतचं पाणी सांडून जेमतेम १ मिली उरलं होतं. तेवढंच घातलं आणि सवयीने पुन्हा ५० युनिटच ओढले. दोन दिवस उलट्या. घरात सांगितलं, ऑफिसात वडापाव खाल्ला.

माझ्याकडच्या कागदावर मी तिला हिशेब मांडून दाखवला. इन्सुलिनच्या सुईवरचं युनिट हे औषधाचं वजन नव्हे, पाण्याचं माप आहे. तिच्या सुईवर १०० युनिट म्हणजे १ मिली. २ मिली पाण्यात १० मिलिग्रॅम असतील तर ५० युनिटमध्ये अडीच मिलिग्रॅम येतात, १ मिली पाण्यात असतील तर पाच. म्हणजे दुसऱ्याच आठवड्याला तिने दुप्पट डोस टोचून घेतला होता, आणि तोही लेबलवरचा आकडा खरा मानला तर. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये अशाच चुकांबद्दल इशारा दिला होता. कुपीतून स्वतः सेमाग्लुटाइड, म्हणजे वजन उतरवायचं असंच दुसरं औषध, ओढणाऱ्यांनी ठरलेल्याच्या पाच ते वीसपट औषध घेतल्याच्या घटना तिथे घडल्या होत्या.

खरं-खोटं हा प्रश्न मात्र पाच मिनिटांत मिटला. तिला हवं होतं ते टिर्झेपॅटाइड, म्हणजे मौंजारो नावाने विकलं जाणारं वजन उतरवायचं इंजेक्शन. भारतात ते मार्च २०२५ मध्ये आलं. कुपीत असो की पेनमध्ये, ते तयार, स्वच्छ द्रव असतं. घरी पाणी घालून कालवायची पावडर कंपनी विकत नाही. आणि बाजारात आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या एका कुपीची, म्हणजे एका आठवड्याच्या एका टोचणीची, किंमतच ३,५०० रुपये होती. ५,५०० रुपयांत बारा टोचण्या कोण देतं?

पाऊण तास गेला तो डॉक्टरांकडे का नाही जायचं, यात. दोन वर्षांपूर्वी गुडघा दाखवायला गेली असताना एका डॉक्टरांनी मान वर न करता म्हटलं होतं, “तोंडावर ताबा ठेवा, गुडघा आपोआप बरा होईल.” तेव्हापासून ती तापालासुद्धा गोळी स्वतःच आणून घेते. माझं स्पष्ट मत आहे, त्या एका वाक्याने अशा जितक्या कुप्या खपतात तितक्या जाहिरातींनी खपत नसतील. शिवाय ‘शॉर्टकट’ हा शब्द तिने माझ्यासमोर तीनदा स्वतःलाच लावला. सासरे तीस वर्षं इन्सुलिन टोचतात, त्याला शॉर्टकट म्हणतेस का, असं विचारल्यावर ती गप्प बसली.

“पोटात दुखतंय का? दुखणं पाठीकडे जातंय का?” हे मी विचारलं, कारण स्वादुपिंडाला सूज आली तर तसं दुखतं आणि तिथे माझं काम संपतं. दुखत होतं थोडं. मग मी तिला हात धरून शेजारच्या खोलीत नेलं. डॉक्टरांनी रक्त, सोनोग्राफी करून घेतली. सुदैवाने तसं काही निघालं नाही.

त्यांनी विचारलेले प्रश्न ती मला नंतर बोटांवर मोजून सांगत होती. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का? पित्ताचे खडे? दिवस राहू द्यायचा विचार आहे का? आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत? ती गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. टिर्झेपॅटाइड सुरू करताना आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे त्या गोळ्यांवर विसंबता येत नाही, दुसरा उपाय वापरावा लागतो. व्हॉट्सॲपवाल्याने तिला उंचीदेखील विचारली नव्हती.

ऑनलाइन म्हणजे सगळं वाईट असं मी कुणाला सांगत नाही. नोंदणीकृत डॉक्टरांचा सल्ला फोनवर, व्हिडिओवर घेता येतो, त्याचे नियम २०२० पासून आहेत. परवाना असलेल्या दुकानातून चिठ्ठी देऊन घरपोच मागवणंही वेगळं. पण तिथे चिठ्ठी मागितली जाते, बॅच नंबर लिहिलेलं बिल मिळतं आणि डबा गार असतो. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. गोठलेलं असेल तर फेकायचंच, वितळवून वापरायचं नाही. ती पावडरची कुपी आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत दिली. विक्रेत्याचा नंबर तोवर बंद झाला होता, पैसे गेले ते गेलेच.

तब्येत सावरल्यावर, नोव्हेंबरात, डॉक्टरांनी तिला रीतसर अडीच मिलिग्रॅमवर सुरू केलं. काय होईल, हे मी तिच्याच आकड्यांत सांगितलं. पहिले चार आठवडे शरीराला सवय लावायचे, काट्याकडे बघायचं नाही. मळमळ, करपट ढेकर, बद्धकोष्ठता होते, बहुतेकांची डोस स्थिरावल्यावर कमी होते. अर्ध्या पोळीत पोट भरतं, तेव्हा आधी वरण, उसळ, अंडं, पनीर खायचं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. मोठ्या चाचणीत ७२ आठवड्यांत पाच मिलिग्रॅमवर सरासरी १५ टक्के वजन उतरलं. तिच्या ८४ किलोंत ते साडेबारा किलो होतात, आणि तेही जवळपास दीड वर्षात. औषध थांबवलं की भूक परतते आणि बऱ्याच जणांचं वजनही. दुसऱ्या एका चाचणीत ३६ आठवड्यांनी औषध बंद केलेल्यांचं वजन पुढच्या वर्षभरात सरासरी १४ टक्के वाढलं. हे ऐकून तिचा चेहरा पडला. म्हटलं, खर्चाचा हिशेब नवऱ्याबरोबर बसून कर, एकटीने नको. दोघांनी केला. गाडी बदलायचं पुढे ढकललं.

लग्नात ती जेमतेम अडीच किलोंनी कमी होती. ब्लाउज जादा कापडाचाच होता.

आता पाच महिने झाले, पाच मिलिग्रॅमवर ७७ किलो. मध्यंतरी केस गळायला लागले म्हणून घाबरून फोन केला होता. वजन भराभर उतरताना तसं होतं, डॉक्टरांनी आहार तपासून दिला. गेल्या वेळी म्हणाली, दुपारी चारला कॅशच्या खिडकीत बसल्या-बसल्या डोक्यात बिस्किटांची भुणभुण असायची, ती गेलीय, आणि आता त्या वेळी करायचं काय तेच कळत नाही. सध्या आमचं बोलणं त्यावर चाललंय.

इंजेक्शनचं सासूबाईंना माहीत आहे. जाऊबाईंना नाही. त्यांनी विचारलं तर “रात्रीचा भात बंद केलाय” म्हणते. ते काही खोटं नाही.