ब्राउझर ‘नॉट सिक्युअर’च का म्हणतो?

प्रश्न : ऑफिसमधल्या एका मशीनवर एनजिनेक्स हा वेब सर्व्हर चालतो. ओपनएसएसएल या टूलने सेल्फ-साइन्ड (स्वतःच सही केलेलं) सर्टिफिकेट बनवलं, विंडोजच्या ‘ट्रस्टेड रूट’ या विश्वासू सर्टिफिकेटांच्या स्टोअरमध्येही टाकलं. तरी क्रोम ‘नॉट सिक्युअर’ दाखवतो. 192.168.1.20 या तिच्या खासगी आयपी पत्त्यासाठी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट मिळेल का?

उत्तर : नाही मिळणार. हाच पत्ता असंख्य राउटरांमागे आहे, मग तो तुमचाच हे कोण कसं तपासणार? सार्वजनिक सीएंनी (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी) अशा पत्त्यांना सर्टिफिकेटं देणं 2015 सालीच थांबवलं.

तुमची चूक बहुधा वेगळीच आहे. पत्ता फक्त सर्टिफिकेटच्या ‘कॉमन नेम’ या रकान्यात लिहिला असणार. क्रोम 58 पासून, म्हणजे 2017 पासून, ते नाव बघतच नाही. बघतो ‘सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम’. सर्टिफिकेट उघडून ‘डिटेल्स’मध्ये ही नोंद आहे का बघा. असली तरी आयपी हा ‘आयपी ॲड्रेस’ प्रकारातच हवा. ‘डीएनएस नेम’ म्हणून लिहिलेला चालत नाही. इथे भलेभले फसतात. एररमध्ये ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ दिसलं तर दोष हाच. ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल, तर सर्टिफिकेट चुकीच्या स्टोअरमध्ये गेलंय. इम्पोर्ट करताना स्टोअर आपोआप निवडू देऊ नका.

हाताने कॉन्फिग लिहिण्यापेक्षा एमकेसर्ट हे टूल वापरा. ‘इन्स्टॉल’ पर्यायाने एकदा चालवलं की स्वतःचा रूट (बाकी सर्टिफिकेटांवर सही करणारं मूळ सर्टिफिकेट) बनून त्या मशीनच्या स्टोअरमध्ये बसतो. मग सर्व्हरचं नाव आणि आयपी एकाच कमांडमध्ये द्या. सर्टिफिकेट आणि ‘की’ (गुप्त किल्ली) अशा दोन पेम (.pem) फायली मिळतात, मुदत सव्वादोन वर्षं. एनजिनेक्समध्ये दोन्हींचे पाथ भरा, कॉन्फिग टेस्ट करून रीलोड करा. बाकीच्या मशीनवर फक्त रूटचं सर्टिफिकेट न्यायचं. रूटची की कोणालाही, अगदी कोणालाही देऊ नका. ती ज्याच्या हाती, तो हा रूट टाकलेल्या मशीनांपुरती कुठल्याही साइटची बतावणी करू शकतो. आयफोनवर प्रोफाइल टाकल्यावर ‘सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज’मधलं बटणही चालू करावं लागतं.

प्रश्न : पाहुण्यांच्या फोनवर रूट कसा टाकणार?

उत्तर : टाकूच नका. स्वतःचं डोमेन असेल तर लेट्स एन्क्रिप्टची डीएनएस पडताळणी वापरा. डोमेनच्या डीएनएसमध्ये टाकलेल्या टीएक्सटी रेकॉर्डने (मजकुराच्या नोंदीने) मालकी सिद्ध होते, सर्व्हर इंटरनेटवर उघडावा लागत नाही. ए रेकॉर्डमध्ये (नावाचा आयपी सांगणाऱ्या नोंदीत) खासगी आयपी खुशाल द्या, पण काही राउटर अशी उत्तरं गाळतात. नाव सापडेना तर राउटरच्या ‘रीबाइंड प्रोटेक्शन’मध्ये त्या डोमेनला सूट द्या. नूतनीकरण स्क्रिप्टवरच सोपवा. सर्टिफिकेटमधली नावं सार्वजनिक लॉगमध्ये दिसतात, म्हणून वाइल्डकार्ड (सगळ्या उपनावांना चालणारं एकच सर्टिफिकेट) घेतलेलं बरं.