फ्लॅटमधला पाणीवापर मोबाइल ॲपवर पाहता येतो का, आणि त्यावरून गळती खरोखर कळते का?

होय, कळते, मात्र गळती ॲप शोधत नाही, मीटर शोधतो, म्हणून आधी मीटरचा विचार करावा. मी पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेत राहतो आणि आमच्याकडे प्रत्येक फ्लॅटला असे मीटर बसवलेले आहेत, त्यामुळे अनुभवाने लिहितो आहे.

आपल्याकडच्या इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराला आणि प्रत्येक बाथरूमला बहुधा वेगवेगळ्या नळ्या उतरतात. आमच्या फ्लॅटला अशा तीन जोडण्या आहेत, म्हणून मीटरही तीन लागले. खर्च वाढला हे खरे, पण गळती घराच्या कोणत्या भागात आहे हे त्यामुळेच समजते. आपण चौकशी करण्यापूर्वी प्लंबरला डक्टमध्ये पाठवून आपल्या फ्लॅटच्या जोडण्या नक्की मोजून घ्याव्यात.

ॲपमध्ये रोजच्या एकूण लिटरांपेक्षा रात्री दोन ते चार या वेळेतला आलेख मला अधिक मोलाचा वाटतो. घरातले सगळे झोपलेले असताना ती रेषा कधी तरी शून्याला टेकलीच पाहिजे. आमच्या एका बाथरूमच्या मीटरवर ती सलग दोन रात्री ताशी 7 लिटरच्या खाली उतरली नाही. नळ कोरडे होते, भिंतीला ओल नव्हती, आवाजही येत नव्हता. तिसऱ्या रात्री मी फ्लशच्या टाकीखालचा अँगल कॉक बंद करून झोपलो आणि सकाळी पाहतो तो रेषा शून्यावर होती. मग कॉक उघडून टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकले. फ्लश न करताही पंधरा मिनिटांत कमोडच्या मागच्या बाजूने लाल ओघळ उतरला. पाणी चिनीमातीला इतके चिकटून वाहत होते की डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते. आतले रबरी सील झिजले होते, ते बदलताच प्रश्न मिटला.

ताशी 7 लिटर म्हणजे दिवसाला 168 लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दररोज 135 लिटर पाणी धरले जाते, म्हणजे एका माणसाच्या वाट्यापेक्षा अधिक पाणी आमच्या घरातून कोणाच्याही उपयोगी न पडता जात होते. उन्हाळ्यात ज्या संस्थेच्या दारात टँकर उभे राहतात, तिथे राहणाऱ्याला हा आकडा फार लागतो.

येथेच मीटरच्या प्रकाराचा प्रश्न येतो. घरगुती वापराचा 15 मिलिमीटरचा, ‘क्लास बी’ दर्जाचा नेहमीचा यांत्रिक मीटर साधारण ताशी 30 लिटरपेक्षा कमी प्रवाहात अचूक मोजेलच असे नाही, आणि फ्लशची गळती नेमकी त्याच्या खालची असते. अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये फिरणारा भाग नसतो. ध्वनिलहरींना प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने जाण्यास लागणाऱ्या वेळेतील फरकावरून तो प्रवाह मोजतो, त्यामुळे बारीक धारही सहसा त्याच्या नजरेतून सुटत नाही. विक्रेत्याला ॲपची चित्रे दाखवायला न सांगता ‘किमान किती प्रवाह मोजता?’ एवढे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर मीटरमुळे नळाचा दाब किती घटेल हेही विचारावे, कारण गच्चीवरची टाकी जवळ असल्याने तिथे दाब मुळातच कमी असतो.

दोन गोष्टी ॲपला कळणार नाहीत. मीटरच्या अलीकडची गळती, म्हणजे बॉल कॉक बिघडून गच्चीवरची टाकी वाहणे, ही आपल्या फ्लॅटच्या आलेखात येतच नाही. त्यासाठी संस्थेने टाकीच्या निर्गमावर एक मोठा मीटर बसवून तेथून किती पाणी उतरते आणि टाकीत किती चढवले जाते, याचा मेळ घालावा लागतो. शिवाय बॅटरीवर चालणारे बरेच मीटर तासातासाने किंवा त्याहूनही उशिरा आकडे पाठवतात, त्यामुळे वॉशबेसिनखालची लवचीक नळी फुटली तर सूचना येईपर्यंत घरात पाणी झालेले असेल. आपण गावाला जाताना मुख्य कॉक हातानेच बंद करून जावे.