‘अमेरिकन ब्यूटी’ पाहताना लेस्टरची बाजू घ्यावीशी का वाटते?

तुमचा प्रश्न असा : सिनेमाचा नायक लेस्टर बायकोला टोमणे मारतो, नोकरीवर लाथ मारतो, मुलीच्या शाळकरी मैत्रिणीवर डोळा ठेवतो. तरी सिनेमाभर आपण त्याच्याच बाजूने का असतो? आणि १९९९ सालचा हा सिनेमा आता शिळा झालाय का? तुम्ही तो पाहिला आहे असं धरून शेवटाबद्दलही मोकळेपणाने लिहितो.

गोष्ट सांगणारा तोच आहे, हे पहिलं कारण. कॅमेरा वरून एका गल्लीवर उतरतो. ओळीने झाडं, हिरवळी, नीटनेटकी घरं. लेस्टरचा आवाज सांगतो की माझं वय ४२ आणि वर्षभराच्या आत मी मेलेलो असेन. मेलेल्या माणसाशी वाद कसा घालणार? त्यात तो विनोदी आहे. न्हाणीघरातल्या ‘त्या’ दोन मिनिटांनंतर आपला दिवस उतरणीलाच लागतो, असं स्वतःबद्दल सांगणाऱ्या माणसावर चिडणं कठीण जातं. कॅमेरामन कॉनरॅड हॉलही त्याच्याच बाजूला उभा आहे. ऑफिसात लेस्टरचा चेहरा मॉनिटरच्या काचेत दिसतो आणि पडद्यावरचे आकड्यांचे उभे रकाने तुरुंगाच्या गजांसारखे त्याच्यावर पडतात. इतकं दाखवल्यावर तो सुटावा असं कुणाला वाटणार नाही?

पण सुटून तो करतो काय ते बघा. साहेबाला धमकावून वर्षभराचा पगार उकळतो. गॅरेजमध्ये वजनं उचलायला लागतो. शेजारच्या रिकीकडून गांजा घेतो. मिस्टर स्माइलीज नावाच्या बर्गरच्या दुकानात नोकरी धरतो, तीही कमीत कमी जबाबदारी हवी असं सांगून. मग बायकोला न विचारता घरची टोयोटा कॅमरी देऊन १९७० ची लाल पाँटिअॅक फायरबर्ड आणतो. चाळिशी ओलांडलेला माणूस सोळा-सतराचा व्हायला निघालाय. घरात सोळा-सतराची एक मुलगी आधीच आहे आणि तिला बाप हवा आहे, हे त्याच्या गावीही नाही.

तो सोफ्याचा प्रसंग आठवत असेल. बहुतेकांना त्यातलं शेवटचं भांडण तेवढं आठवतं. त्याची बायको कॅरोलिन घरी येते. लेस्टर बिअरची बाटली घेऊन तिच्याजवळ सरकतो, तिच्या तरुणपणातल्या वेडेपणाची आठवण काढतो, क्षणभर ती विरघळतेही. मग तिचं लक्ष बाटलीकडे जातं : सोफ्यावर बिअर सांडेल. चार हजार डॉलरचा, इटालियन रेशमाचा सोफा! लेस्टर भडकतो, हे काही जगणं नाही, ही नुसती वस्तू आहे, म्हणून तिला सुनावतो. प्रेक्षक मनातल्या मनात टाळ्या वाजवतो. आता याच प्रसंगाची सुरुवात पुन्हा बघा. बाहेर कुणाची गाडी उभी आहे, असं विचारतच ती आत आलेली असते, आणि हा, कायम हवी होती ती गाडी अखेर मिळाली, म्हणून हर्षाने उड्या मारत असतो. दोन-तीन मिनिटांपूर्वी स्वतःच्या वस्तूवर खूश असलेला माणूस बायकोला वस्तूंच्या मोहावर प्रवचन देतो. तिचा सोफा हा मोह, याची गाडी ही मुक्ती! पटकथाकार अॅलन बॉल यांनी हा विरोधाभास मुद्दाम ठेवलाय असं मला वाटतं, पण सिनेमा त्यावर बोट ठेवत नाही. ते आपल्यालाच दिसावं लागतं.

म्हणून माझं मत विचाराल तर या सिनेमातलं सगळ्यात खरं माणूस कॅरोलिन आहे. ही भूमिका करणाऱ्या अॅनेट बेनिंगचा तो घर विकण्याचा प्रसंग घ्या. ती घरं विकून देण्याचा व्यवसाय करते. आज हे घर विकणारच, असं स्वतःला बजावत ती नुसत्या परकरात काचा, फरशी, ओटा घासते. गिऱ्हाइकं येतात, नाकं मुरडतात, जातात. घर विकलं जात नाही. मग ती पडदे ओढून घेते, हुंदके देऊन रडते आणि स्वतःच्याच थोबाडीत मारत गप्प बस म्हणते. आणि लगेच सावरून निघते. लेस्टरचं दुःख आपल्याला त्याच्या तोंडून विनोद करत ऐकायला मिळतं, तिचं असं बंद खोलीत चोरून पाहावं लागतं. धंद्यातला प्रतिस्पर्धी बडी केन याच्याबरोबरचं तिचं प्रकरण मात्र सिनेमा थेट हशासाठी वापरतो, तिथे मला तिच्यावर अन्याय वाटतो. अकादमीनेही तोच न्याय लावला : लेस्टर झालेल्या केविन स्पेसीला पुरस्कार, बेनिंगला नुसतं नामांकन. सिनेमाला एकूण पाच ऑस्कर मिळाली. सर्वोत्तम चित्रपट आणि दिग्दर्शन धरून. लंडनच्या रंगभूमीवरून आलेल्या दिग्दर्शक सॅम मेंडिसचा तर तो पहिलाच सिनेमा होता.

एक गोष्ट कळल्यावर सिनेमाचा तोल नीट समजतो. मूळ पटकथेत लेस्टरच्या खुनाबद्दल त्याची मुलगी जेन आणि शेजारचा रिकी यांच्यावर खटला चालतो, असा भाग होता. तो चित्रितही झाला आणि संकलनात काढून टाकला. सुरुवातीला जेन व्हिडिओत बापाबद्दल चिडून बोलते आणि रिकी त्याला मारू का विचारतो, तो तुकडा त्याचाच अवशेष. खटला राहिला असता तर लेस्टरच्या मरणाची किंमत मुलांनी मोजलेली दिसली असती. तो गेल्यामुळे मरणारा माणूस जगाला क्षमा करत निघून जातो आणि मागे उरलेल्यांचं काय, हा प्रश्नच पडद्याबाहेर राहतो. सिनेमा त्याने जास्त सुंदर झाला, पण लेस्टरलाही फार स्वस्तात सोडलं गेलं.

जेनची मैत्रीण अँजेला हिच्या प्रसंगाबद्दल तुमची अस्वस्थता रास्त आहे. हा आपला पहिलाच अनुभव आहे असं ती सांगते तेव्हा तो थांबतो, तिला पांघरूण देतो, खायला देतो, आणि मग जेन कशी आहे ते विचारतो. मुलीबद्दल इतक्या आपुलकीने विचारताना तो इथेच दिसतो, म्हणून प्रसंग मनाला लागतो. पण तिने ते सांगितलंच नसतं तर? तो थांबला तिच्या एका वाक्यामुळे. गुलाबाच्या पाकळ्यांनी सजवलेली त्याची स्वप्नं तोवर आपणही मजेत पाहत होतो. आज तो भाग पाहताना जास्त खटकतो, आणि खटकावा.

बाकी शिळेपणाचं म्हणाल, तर रिकीचा बाप कर्नल फिट्स जुना वाटतो. समलिंगी आकर्षण दडपून ठेवलेला, कवायती शिस्तीचा बाप शेवटी खुनी निघणार, हे ख्रिस कूपरने जीव ओतूनही साच्यातलंच राहतं. रिकीच्या व्हिडिओतल्या, वाऱ्यात नाचणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीची तर इतकी टिंगल झालीय की आता ती गंभीरपणे बघणं अवघड जातं. थॉमस न्यूमनचं संगीत नसतं तर मीही हसलो असतो. स्पेसीवर २०१७ मध्ये लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले. पुढे न्यूयॉर्कच्या दिवाणी खटल्यात २०२२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि लंडनमध्ये २०२३ मध्ये तो निर्दोष सुटला. तरी कित्येकांना त्याला या भूमिकेत बघवत नाही, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

पुन्हा पाहणार असाल तर जेवणाच्या टेबलाचे प्रसंग एकापाठोपाठ एक बघा. कॅमेरा लांब, टेबल मधोमध, आईबाप दोन टोकांना आणि जेन बरोबर मध्ये. आधी तिथे कॅरोलिनने लावलेलं गुळगुळीत संगीत असतं, नंतर भिंतीवर फेकलेली शतावरीची बशी. दोन्ही वेळा लेस्टर आणि कॅरोलिन यांना सोडून फक्त जेनच्या तोंडाकडे बघा.